साहेबांच्या उपवासाचं गोड

दहा मिनिटांत होतं म्हणे. मोबाइलमधली बाई तसंच म्हणत होती. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर क्रीम, त्यावर फळं, परत क्रीम, झालं तुमचं गोड तयार! तिच्या ओट्यावर ना एक खरकटं भांडं होतं, ना एक माशी. फळं आधीच चिरलेली, क्रीम आधीच फुगलेलं आणि बाई आधीच हसत असलेली. असल्या बाईला मला एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवायचंय. भर दुपारी, लाइट गेलेली असताना. मग बघू किती मिनिटं लागतात ते.

हा व्हिडिओ मला दाखवला माझ्या धाकट्या जावेनं, आणि तिला पाठवला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भाऊजींनी. भाऊजींना गोडाधोडाची आवड म्हणाल तर तसं काही नाही. त्यांना आवड एकच, साहेबांची. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. कुणाला तिकीट द्यायचं आणि कुणाला घरी बसवायचं हे तेच ठरवतात. आमचं गाव घाटनांदूरपासून फार लांब नाही. घरात शेती, म्हशी आणि राजकारण. शेती गडी बघतात, म्हशी सासूबाई बघतात, त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो, आणि राजकारण माझे मालक आणि भाऊजी बघतात. म्हणजे काय करतात, तर पांढरे कपडे घालून दिवसभर फोनवर "हो साहेब, झालं साहेब" म्हणतात.

त्या साली पंचायत समितीचा आमचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलेसाठी राखीव सुटला. झालं! घरात सुतक पडल्यासारखी शांतता. भाऊजींनी कितीतरी दिवस एक लग्न सोडलं नव्हतं की एक दहावं सोडलं नव्हतं, आणि आता सगळं पाण्यात. पण दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ हसतच उठले. त्यांच्या एकदम ध्यानात आलं की आपल्या घरातही महिला आहेत. आणि एक सोडून दोन आहेत.

आमच्याकडं हे असं सर्रास चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. बाई उभी राहते, म्हणजे तिचा फोटो उभा राहतो. डोक्यावर पदर, हात जोडलेले, आणि शेजारी नवऱ्याचा फोटो, तिच्यापेक्षा मोठा. निवडून आली की मिरवणुकीत गुलाल नवऱ्यावर. बाई तेव्हा घरी चहा टाकत असते, मिरवणूक परत आल्यावर लागणार म्हणून.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगते, उगीच लाजण्यात अर्थ नाही. मला ते तिकीट पाहिजे होतं. फोटोसाठी नाही. गावात बायकांचा बचत गट मी उभा केला, मी चालवते. आमच्या गावच्या दवाखान्याला, उपकेंद्र म्हणतात त्याला, बारमाही कुलूप असायचं. अडलेल्या बाईला टमटममध्ये घालून अंबाजोगाईला न्यायची, आणि त्या रस्त्याचे खड्डे तर काही विचारू नका. गटातल्या बायका घेऊन मी तालुक्याला जाऊन बसले, हलले नाही, तेव्हा कुठं नर्सबाई यायला लागल्या. तेही आठवड्यातून दोनदा. पोट काय वार बघून दुखतं का? ते कुलूप कायमचं निघावं म्हणून मला तिथं जाऊन बोलायचं होतं जिथं बोललेलं लिहून घेतात. पण घरात मला कुणी विचारलंच नाही. "मोठी की धाकटी" यावर दोघा भावांत रोज खल चालायचा, आमच्या समोर, आम्ही ताटं वाढत असताना. म्हशीचा सौदासुद्धा तिच्यापासून जरा लांब उभं राहून करतात.

शेवटी ठरलं की साहेबांनाच ठरवू द्या. नवरात्रात सातव्या माळेला साहेब देवीच्या दर्शनाला अंबाजोगाईला येणार होते. तिथून आमच्याकडं फराळाला यायचं त्यांनी कबूल केलं.

"साहेब दोघींना बघतील आन् नाव सांगतील," भाऊजी म्हणाले.

बघतील! एकदा बघूनच मला या घरात आणलं होतं. तेव्हा पोहे केले होते, मान खाली घालून बसले होते. आता पोरं कॉलेजात जायला लागल्यावर परत बघायचा कार्यक्रम.

साहेबांना नवरात्राचे नऊ दिवस उपवास. शिवाय पायात चप्पल नाही. त्याची लई चर्चा होते. साहेब अनवाणी फिरतात, साहेबांची भक्ती बघा. फिरतात कुठं? गारेगार गाडीतून उतरतात ते अंथरलेल्या सतरंजीवर, आणि सतरंजीवरून परत गाडीत. आमच्या घरच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत सतरंज्या कमी पडल्या, तर भाऊजींनी शेजारच्या तीन घरच्या मागून आणल्या.

आता फराळाला काय करायचं? मी म्हटलं, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर दही. भाऊजींनी नाक मुरडलं. "वहिनी, भगर तर साहेब गावोगाव खातेत. आपल्याकडचं काय तरी ध्यानात ऱ्हायलं पाहिजे." आणि मग तो व्हिडिओ. त्यांच्या मनात काय होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. भगर मोठी करणार आणि गोड धाकटी करणार. साहेब भगर विसरणार आणि गोड ध्यानात ठेवणार. धाकटी जाऊ लातूरची, शिकलेली, बोलायला गोड. तिनं फोन घेतला आणि परत एकदा व्हिडिओ लावला. मला वाटलं, बाईसाहेब तयारीला लागल्या.

आदल्या दिवशी भाऊजींनी लातूरहून सामान आणलं. क्रीमचे पुडे, बिस्किटं आणि किवी. हो, किवी! बाहेर बालाघाटचा सगळा डोंगर सीताफळांनी लगडलेला. आमच्या बांधावरची फळं फुटून खाली पडत होती, पाखरं खाऊन खाऊन कंटाळली होती. आणि आमच्या घरात कुठल्या परमुलखातली, अंगावर लव असलेली फळं प्लॅस्टिकच्या डबीत बसून आली. आत्याबाईंनी एक हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "ह्याला सोलायचं का ह्याची हजामत करायची?" असं म्हणाल्या आणि ठेवून दिलं.

मग वाद सुरू झाला, किवी उपवासाला चालतो का? आमचे मालक म्हणाले, फळ आहे म्हणजे चालणारच. आत्याबाई म्हणाल्या, पोथीत न्हाई. भाऊजींनी कुण्या महाराजांना फोन लावला. महाराजांनी किवी म्हणजे काय ते विचारलं, मग फोनवरून फोटो मागवला, मग म्हणाले चालतो. एवढा सगळा धर्मविचार झाला. पण पंगतीला बसलेल्या पंडितांसारखी चर्चा करणाऱ्या या दोघा भावांपैकी एकालाही दुसऱ्या पुड्याकडं बघायचं सुचलं नाही. ते मी पुढं सांगतेच.

क्रीमचे पुडे साहेबांसाठी राखून धाकटीनं आत्याबाईंकडून जराशी साय मागून घेतली आणि एका वाटीत नमुना करून बघितला. दिसायला छान, हिरवं पांढरं. भाऊजींनी फोटो काढला. तासाभरानं चाखलं तर कडूजहर.

"दूध नासकं व्हतं," भाऊजी म्हणाले.

"माझ्या म्हशीला नावं ठिवतो व्हय रं?" आत्याबाई कडाडल्या. "ते केसाळ फळ आणलं तूच, आन् खापर माझ्या म्हशीवर? कावून? म्हशीला बोलता येत न्हाई म्हणून?"

किवी कच्चा दुधासायीत घातला की कडू होतो. हे मला त्या दिवशी कळलं. त्या मोबाइलमधल्या बाईला ते माहीत असणार, पण सांगितलं असतं तर तिचं हसू गेलं असतं. मी भाऊजींना म्हटलं, "बांधावर जा आणि टोपलीभर सीताफळं घेऊन या. डोळा उघडलेली बघून आणा, दगड आणू नका." गेले मुकाट्यानं.

सीताफळाचा गर काढणं म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत नाही त्यानं "सोपी कृती" हे शब्द तोंडातून काढू नयेत. मिक्सरला लावता येत नाही, बी फुटली की सगळं वाया. एकेक पाकळी, एकेक बी. सकाळी आम्ही दोघी जावा मोठ्या भोकांची चाळण घेऊन बसलो, त्यावर गर घासायचा, खाली पडेल तो गोळा करायचा, वर उरतील त्या बिया. पाठ मोडून आली. पुरुषमंडळी येऊन जाऊन चौकशी करत होती. "झालं का?" "अजून न्हाई झालं?" बसून एक फळ सोडवू लागावं असं एकालाही वाटलं नाही. त्यांच्या मागं कामं होती. मोठे बॅनर बांधायचे होते.

गर झाला तोवर लाइट गेली. ती गेली ती गेलीच. फ्रिजमधले क्रीमचे पुडे पातळ ताक. बरंच झालं म्हणायचं. मी आत्याबाईंना म्हटलं, तुमची साय द्या. आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्या घरात साय आत्याबाईंच्या ताब्यात. तिजोरीची किल्ली त्यांनी कधीच लेकांना देऊन टाकली, सायीचं पातेलं मात्र आम्हा सुनांना आजवर दिलेलं नाही. साहेबांचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी दोन पातेली काढली. साय अशी जाड, की सुरी लावावी लागेल.

साय जराशी फेटून घ्यायची होती. मिक्सर बंद. आत्याबाई म्हणाल्या, द्या इकडं, तुम्हा पोरींच्या हातात काय जोर हाय? आणि त्या रवी घेऊन बसल्या. काय तो हात! साय बघता बघता फुगली, हलकी झाली, पांढरीशुभ्र. धाकटी टाळ्या वाजवायला लागली.

"बास आत्याबाई, आता थांबा," मी म्हटलं.

"अजून लोनी कुठं आलंय?"

"लोणी नकोच आहे आपल्याला."

"मग घुसळायचं कशाला?"

आणि त्या थांबल्याच नाहीत. थांबणार कशा? उभ्या जन्मात त्या हातानं लोणी यायच्या आधी रवी सोडलेली नाही. आम्ही "अहो, अहो" करेपर्यंत पातेल्यात लोण्याचा गोळा फिरायला लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आलं बघ," म्हणाल्या. त्यांना रागवायचं तरी कसं? लोणी होतंही फार सुंदर. त्या सगळ्या दिवसात ज्याला जे जमतं ते त्यानं नीट केलं असं तेवढं एकच काम. दुसरं पातेलं मी त्यांच्यापासून लांब नेलं, पिठीसाखर घालून नुसत्या पळीनं हलक्या हातानं फेटलं आणि आवरतं घेतलं.

मग भांड्यांचं निघालं. थर दिसले पाहिजेत, तर काच पाहिजे. आमच्या घरात सगळं स्टील. स्टीलच्या वाटीत थर लावले काय आणि कालवून ठेवलं काय, सारखंच. भाऊजींनी स्टँडवरच्या हॉटेलातून चहाचे काचेचे ग्लास उचलून आणले. मी ते तीनदा घासले तरी चहाचा वास जाईना.

मी भगरीच्या मागं लागले आणि धाकटीनं व्हिडिओ बघून ग्लास भरले. फोन समोर टेकवलेला, ती बाई बोलतेय आणि ही तसं तसं करतेय. खाली चुरा, वर साय, वर सीताफळ, परत साय, वर डाळिंबाचे दाणे. दिसत होतं मात्र देखणं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात फोन आला, साहेब अंबाजोगाईहून निघाले. घरात पळापळ. आत्याबाई आल्या, त्यांनाही नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास. एक ग्लास उचलला, चमचा खोल घातला आणि म्हणाल्या, "बघू तरी, काय केलंय माझ्या सायीचं."

चमच्यात खालचा तपकिरी चुरा वर आला. माझं लक्ष गेलं आणि मी त्यांचा हात धरला. अक्षरशः तोंडापासून.

"आत्याबाई, बिस्कीट आहे!"

कुणाला काही कळेना. मग सगळ्यांना एकदम कळलं. बिस्कीट. गव्हाचं, मैद्याचं, उपवासाला कसं चालेल? किवीसाठी महाराजांना फोन लावणाऱ्या घरात बिस्किटाचा विचार कुणी केलाच नव्हता. व्हिडिओत होतं म्हणून आणलं, व्हिडिओत होतं म्हणून घातलं. धाकटी पांढरीफटक पडली.

आता आमच्या कर्त्या पुरुषांनी काय करावं? भाऊजी म्हणाले, "तळाला हाय ना? साहेब वरवरचंच खातेत."

आमचे मालक म्हणाले, "बोलू नका कुणी. कोण बघायलंय?"

देवघरात घटावर सातवी माळ लटकतेय, बाहेर अनवाणी साहेबांसाठी सतरंज्या अंथरल्यात, आणि आत या दोघांचं हे चाललेलं. देवीचं भय नाही, साहेबांचं आहे, आणि तेही त्यांना कळलं तरच. मला त्या दोघांची इतकी शिसारी आली की काय सांगू!

माझ्याही मनात आलं, येऊ नये ते. खाऊ दे. चुरा दाताखाली येऊ दे, साहेबांचा उपवास मोडू दे. गोड धाकटीचं आहे, नाव धाकटीचं जाईल. तिकीट आपोआप माझ्याकडं. फार नाही, कढईतली भगर हलवायला लागतो तेवढाच वेळ ते मनात राहिलं. मग आत्याबाईंकडं बघितलं. त्या चमचा खाली ठेवून बोटं पदराला पुसत होत्या, परत परत. म्हटलं, तिकीट गेलं खड्ड्यात. कुणाचा नेम माझ्या घरात, माझ्या देखत असा मोडायचा नाही.

उपवासाच्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू होते. मी फोडले, हातानंच चुरले. गर थोडा उरला होता, साय थोडी उरली होती. रिकामे उरलेले सहा ग्लास विसळले आणि नव्यानं भरले. खाली राजगिरा, वर साय, वर सीताफळ, परत साय. धाकटी शेजारी उभी राहून डाळिंब सोलत होती आणि डोळे पुसत होती. बिस्किटवाले ग्लास ड्रायव्हर आणि बंदूकवाले यांच्यासाठी बाजूला काढले. त्यांना उपवास नव्हता. असता तरी मांजरसुंब्याच्या धाब्यावर तो कधीच सुटला असता.

साहेब आले. सतरंजीवरून चालत आले. हार, शाल, फोटो. फराळ झाला. भगर खाल्ली आणि काही बोलले नाहीत. मग गोड गेलं. साहेबांनी एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मग बोलणं बंद करून नुसते खात राहिले, आणि शेवटी तळाशी चमचा खरवडला. सोबतचे लोक आपापला ग्लास धरून त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेले. साहेब "वा!" म्हणाले. मग सगळे "वा!" म्हणाले. तोवर एकाच्याही जिभेला चव लागली नव्हती.

"हे कुणी केलं?"

"आमच्या घरातलीनं," भाऊजी उडी मारून म्हणाले आणि धाकटीकडं हात केला.

"न्हाई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "माझं चुकलं होतं. हे ताईंनी केलंय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा. मी दारात ट्रे घेऊन उभी होते. वाटलं, आता.

"मग ठरलंच की," साहेब म्हणाले. "अशी हाताला चव असलेली बाई घरातच पाहिजे. हिला बाहेरच्या धावपळीत घालून वाया घालवता का? मोठ्या वहिनी घर सांभाळतील. धाकट्या वहिनींचं नाव घाला."

सगळे हसले. साहेबांनी विनोद केला म्हणून हसले, निर्णय दिला म्हणूनही हसले. भाऊजींना तर आभाळ ठेंगणं झालं. आमचे मालकही हसले. तिकीट कुणाच्या का नावानं होईना, आमच्याच उंबऱ्याच्या आत पडलं होतं. मी भगर केली असती आणि गोडाला हात लावला नसता, तर सांगू तिथं सही करील अशी अडाणी म्हणून तरी माझा विचार झाला असता. चांगलं केलं, म्हणून बाद!

मग धाकटी उठली. ही पोर गावात ग्रामसभा असली की डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत निजून राहायची.

"साहेब, मला उभं न्हाई राहायचं," ती म्हणाली. "मी यांना पन्नासदा सांगितलंय. मला लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. ताईंना राहायचंय. त्यांना विचारा ना. त्यांना कुणीच विचारलेलं न्हाई."

भाऊजींनी दात खाल्ले. साहेबांना गंमत वाटली असावी. ते माझ्याकडं वळले.

"काय वहिनी? खरंय का?"

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. "तुम्ही म्हणाल तसं." मान खाली, पदर पुढं. मालक माझ्याकडं डोळे वटारून तेच सांगत होते.

"हो," मी म्हटलं. "मला पाहिजे. आमच्या उपकेंद्राला आठवड्यातले पाच दिवस कुलूप असतं. मला त्यावर बोलायचंय. तुमच्या नावानं नाही, यांच्या नावानं नाही. मीच बोलणार."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "बघू," म्हणाले, आणि उठले. आमच्या भागात पुढाऱ्याच्या "बघू"चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

तिकीट गेलं. ना मला, ना धाकटीला. शेजारच्या गावातल्या एका कंत्राटदाराच्या बायकोला मिळालं. तिला बघायला साहेब गेले होते की नाही, तिनं गोड काय केलं, मला माहीत नाही. घरात मात्र खापर आम्हा दोघींवर फुटलं. भाऊजी धाकटीशी बोलेनात. मालक माझ्याशी बोलायचे, पण एकच वाक्य. "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" सकाळी तेच, जेवताना तेच. आत्याबाईंनी एके दिवशी सायीचं पातेलं माझ्या पुढ्यात सरकवलं आणि गोठ्यात निघून गेल्या. मला काही समजेना, आणि मग समजलं तेव्हा चुलीपुढं बसून रडू आलं.

दिवाळी झाली. अर्ज भरायचे दिवस आले. एके सकाळी मालक आत आले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा मोकळा होता.

"अगं, साहेबांचा फोन होता. आज दुपारी त्या बाईंचा अर्ज भरायचाय, मग मोठी सभा. साहेब म्हणाले, तुमच्या घरचं ते गोड पाहिजे, पाहुण्यांसाठी. आठवण ठिवली बघ साहेबांनी तुझी!"

म्हणजे माझं तिकीट दुसरीला, आणि तिच्या सभेचं गोड मी करायचं! आणि या माणसाला त्याचा आनंद झालेला. मला वाटलं होतं माझा राग आता थंड झालाय. कसला थंड! डोक्यात सणक गेली. मी हात पुसले, ट्रंकेतून आधार कार्ड, रहिवासी दाखला काय काय लागतं ते काढलं आणि धाकटीला हाक मारली. तिनं कुठं म्हणून विचारलंसुद्धा नाही. पायात चपला घातल्या आणि निघाली.

"कुठं निघाल्या दोघी? आन् सैपाक?" मालक मागून ओरडले.

आम्ही एसटी पकडली. तहसिलात ही गर्दी, जिकडं तिकडं पांढरे कपडे. कंत्राटदाराची बायको कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली, आणि तिचे कागद हातात घेऊन तिचा नवरा टेबलापाशी उभा. मी अर्ज मागून घेतला, भरला आणि माझे कागद जोडून रांगेत उभी राहिले. सूचक म्हणून धाकटीनं सही केली. घाम फुटला होता तिला, पण अक्षर सुरेख आलं. माझा नंबर आला. टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी अर्ज घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला, "अपक्ष" हा शब्द दोनदा वाचला, आणि माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागले, कुणीतरी मागं असणार म्हणून.

"बाई, यजमान कुठंयत तुमचे?"

"घरी," मी म्हटलं. "आज सैपाक त्यांच्याकडं हाय."